मदत हवी आहे : घरातला साप हातात घेण्याची भीती कशी जाईल?

मानेवाडाकर :
नमस्कार. माझा मावसभाऊ नोकरीसाठी परदेशी गेला आणि जाताना त्याचा पाळीव साप माझ्याकडे सोपवून गेला. आता तो कायम माझ्याकडेच राहणार आहे. पेटीची सफाई, पाणी, खाद्य हे सर्व मला जमते. जमत नाही ते फक्त त्याला हातात घेणे. झाकण उघडून हात आत नेला की तो मान आखडून मागे घेतो, फुत्कारतो, आणि माझा हात आपोआप बाहेर येतो. धीर करून पुन्हा हात नेला तरी तेच होते. भावाच्या हातात तो अगदी शांत बसत असे, हे मी पाहिलेले आहे. "घाबरू नका, तो काही करत नाही" हे वाक्य मला सर्वांनी ऐकवून झाले आहे, कृपया ते पुन्हा कोणी लिहू नये. नेमके काय करायचे आणि कोणत्या क्रमाने, हे ज्यांनी स्वतः केले आहे त्यांनी सांगावे. येत्या रविवारी मला पुन्हा प्रयत्न करायचा असल्याने लवकर उत्तर मिळाल्यास उपकार होतील.

गोरेवाडा_भटक्या :
साप कोणता, हेच आपण लिहिलेले नाही. आपल्याकडचा नाग, अजगर, धामण किंवा मांडूळ असेल, तर तो घरी ठेवणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे आणि हाताळण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. शिवाय "अजगराचे पिल्लू" म्हणून लोक ज्याला हात लावतात तो पुष्कळदा घोणस निघतो. त्यामुळे आधी जात सांगावी, पुढचे मग बोलता येईल.

मानेवाडाकर :
बॉल पायथन आहे. पाळीव म्हटल्यावर ते लक्षात येईल असे मला वाटले होते. लांबी साडेतीन फुटांच्या आसपास. भावाने तो पिल्लू असताना घेतला होता. आता कृपया हाताळण्याबद्दल सांगावे.

धंतोलीकर :
त्याआधी एक आवश्यक बाब सांगतो, ती टाळून पुढे जाऊ नये. बॉल पायथन ही आफ्रिकेतील जात साइट्स कराराच्या (वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय करार) दुसऱ्या परिशिष्टात असल्यामुळे आपल्या कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत येते. ही दुरुस्ती २०२२ ची असून १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. नोंदणीचे नियम फेब्रुवारी २०२४ मध्ये आले. त्यांनुसार असा प्राणी ताब्यात आल्यापासून ३० दिवसांच्या आत केंद्र सरकारच्या परिवेश या संकेतस्थळावर नोंदणीसाठी अर्ज करावा लागतो. भावाच्या नावाची नोंद असेल, तरी प्राणी आपल्याकडे आल्याची नोंद वेगळी करावी लागेल. नागपूरकरांना एक सोय आहे, राज्याचे वन्यजीव विभागाचे मुख्यालय सिव्हिल लाइन्समध्ये वनभवनातच आहे. अडचण आल्यास प्रत्यक्ष जाऊन विचारता येते.

मानेवाडाकर :
माहितीबद्दल आभार. अर्ज दाखल झालेला आहे. आता मूळ प्रश्नाकडे यावे ही विनंती.

माजी_सर्पमित्र :
मी दक्षिण नागपुरात अनेक वर्षे घरांत शिरलेले साप पकडून जंगलात सोडण्याचे काम केले आहे, त्यामुळे अनुभवाने सांगतो की सापाबरोबर उघड्या हाताने काम करण्याची सवयच लावून घेऊ नये. साप उचलण्याची चांगली स्टिक (आकडी काठी) घ्या, जाड हातमोजे वापरा, स्टिकवर सापाचा मधला भाग तोलून शेपटीकडून धरा. साप आपल्या हातापासून जितका दूर, तितके मन स्थिर राहते. मन स्थिर झाले की भीती आपोआप ओसरते.

धरमपेठची :
सर्पमित्रांच्या कामाबद्दल मला मनापासून आदर आहे, पण हा सल्ला घरात शिरलेल्या रानटी सापासाठी योग्य आणि पाळलेल्या बॉल पायथनसाठी अयोग्य आहे. तुम्हाला साप एकदाच उचलून पिशवीत घालायचा असतो, या गृहस्थांना तो वर्षानुवर्षे हाताळायचा आहे, आणि बॉल पायथन वीस-तीस वर्षे सहज जगतो. शेपटीने उचललेल्या जड अंगाच्या सापाला आधार मिळत नाही. आधार न मिळालेला साप घाबरतो आणि घाबरलेल्या सापाला पाहून माणूस आणखी घाबरतो.

माझ्याकडे ही जात बऱ्याच काळापासून आहे, म्हणून क्रम सांगते. पहिले काही दिवस त्याला उचलायचेच नाही. संध्याकाळी पेटीजवळ बसा, पाणी बदला, हात आत ठेवून तसाच राहू द्या, त्याने जीभ लपलपवून तुमचा वास घेऊ दे. सापाला वासाची ओळख जिभेने होते. त्यानंतर एका बाजूने, वरून नव्हे, त्याच्या शरीराच्या मध्यभागाला हात लावा. वरून येणारा हात त्याला शिकारी पक्ष्यासारखा वाटतो. पाठीला स्पर्श झाल्यावर तो आवळला तरी हात मागे घेऊ नका, तिथेच स्थिर ठेवा. मग दुसरा हात पोटाखाली सरकवून, दोन ठिकाणी आधार देऊन, एका सलग हालचालीत उचला. संथ उचलायचे, पण अडखळत नाही. पुढे-मागे होणारा हात हीच सापाला सर्वांत त्रासदायक गोष्ट असते. डोक्याकडचा भाग मोकळा सोडा, त्याला जिकडे जायचे तिकडे जाऊ द्या आणि आपला एक हात सतत पुढे ठेवत राहा. पहिल्या वेळी पाच मिनिटे पुष्कळ झाली. स्वतः जमिनीवर बसा, म्हणजे तो निसटला तरी पडून इजा होण्याची भीती राहत नाही आणि तुमचे अर्धे दडपण तिथेच उतरते.

संत्रामार्केट :
हे सर्व ठीक आहे, परंतु चावल्यास काय करायचे हे आधी माहीत असावे. साप चावल्यावर जखम कापू नये, चोखू नये, घट्ट दोरी बांधू नये, अंग न हलवता लगेच मेडिकल किंवा मेयो (नागपूरची दोन सरकारी रुग्णालये) गाठावे. आपल्याकडे मिळणारी प्रतिविषाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांसाठी असते. मांत्रिकाकडे वेळ घालवू नये.

धरमपेठची :
माहिती अचूक आहे आणि विदर्भात प्रत्येकाला ती असायलाच हवी, फक्त इथे तिचा उपयोग नाही, कारण बॉल पायथन बिनविषारी आहे. तो चावला तर दोन-चार बारीक टोचे पडतात. बहुतेक वेळा चावून लगेच सोडतो. धरून ठेवले, तर हात हिसकावू नये, कारण त्याचे दात मागे वळलेले असतात आणि ओढण्यात जखमही वाढते, त्याचे दातही तुटतात. तोंडावर थोडे थंड पाणी ओतले की तो सोडतो. नंतर साबणाने धुऊन जंतुनाशक लावावे आणि धनुर्वाताची लस घेऊन बराच काळ झाला असल्यास डॉक्टरांना विचारावे. मानेवाडाकर, एक लक्षात घ्या, मनातली चाव्याची कल्पना खऱ्या चाव्यापेक्षा कितीतरी मोठी असते, हे माहीत झाल्यावरही हात थोडा हलका होतो.

कॉर्नस्नेकप्रेमी :
माझे मत असे की नवशिक्याने बॉल पायथनऐवजी कॉर्न स्नेकपासून सुरुवात करावी. अंगाने सडपातळ, खाण्याची तक्रार नाही, स्वभावाने धीट. आपण हा साप एखाद्या अनुभवी व्यक्तीला देऊन कॉर्न स्नेक घेतल्यास प्रश्नच मिटेल.

गोरेवाडा_भटक्या :
त्यांनी साप बदलण्याविषयी विचारलेले नाही. शिवाय कॉर्न स्नेक चपळ असतो, हातातून झरकन पुढे जातो. ज्याचा हात आधीच बिचकतो त्याला बॉल पायथनच सोयीचा, तो घाबरला की बहुधा स्वतःचा गोळा करून डोके आत दडवतो.

प्राणिवैद्य_विदर्भ :
मी पशुवैद्य आहे आणि सरपटणारे प्राणीही पाहतो. प्रश्नकर्त्याने भावाच्या हातात साप शांत असल्याचे लिहिले आहे, म्हणजे साप मुळात माणसाळलेला आहे. मग आता तो बिचकतो का, याचा शोध त्याच्या सध्याच्या दिनक्रमात घ्यावा लागेल. कृपया पुढील गोष्टी सांगाव्यात. खाद्य कोणत्या वारी देता आणि हाताळण्याचा प्रयत्न कधी करता? कुठे करता? हातमोजा वापरता का? पेटीचे तापमान किती असते? नागपुरात सध्या रात्री पारा १० अंशांच्या आसपास जात असताना हा शेवटचा प्रश्न महत्त्वाचा आहे.

मानेवाडाकर :
शनिवारी रात्री खाद्य देतो. रविवारी सुटी असल्याने सकाळी प्रयत्न करतो. पेटी बाल्कनीत नेतो, कारण तिथे कोवळे ऊन येते आणि थंडीत त्याला बरे वाटेल असे मला वाटते. कातड्याचा जाड हातमोजा घालतो. खाद्य देतानाही तोच घालतो. पेटीखाली हीट मॅट (विजेवर तापणारी चटई) आहे, तिची उष्णता आपोआप आवरणारा थर्मोस्टॅट नाही. तापमान मोजलेले नाही, पण हात लावला तर उबदार लागते.

प्राणिवैद्य_विदर्भ :
आभारी आहे, आता चित्र स्पष्ट झाले. आपला हात भित्रा आहे असे मला वाटत नाही. आपण नेमक्या नको त्या वेळी, नको त्या जागी आणि नको त्या वासासह त्याच्याकडे जात आहात.

शनिवारी रात्री गिळलेला उंदीर रविवारी सकाळी पोटात तसाच असतो. खाल्ल्यावर किमान ४८ तास सापाला उचलू नये. त्याला त्रास होतो, घाबरल्यास तो खाल्लेले ओकून टाकतो आणि ओकणे सापासाठी खरोखर घातक ठरू शकते. त्यामुळे येता रविवार सोडून द्यावा आणि बुधवारी प्रयत्न करावा.

दुसरे, हा प्राणी रात्रीचा आहे. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेत तो दिवसभर उंदरांच्या बिळांत किंवा वारुळांत दडून राहतो. सकाळच्या उघड्या प्रकाशात, वर मोकळे आकाश असलेल्या बाल्कनीत त्याची पेटी उघडल्यास तो स्वतःला उघडा पडलेला समजतो. काचेच्या पेटीवर ऊन आले तर आतले तापमान काही मिनिटांत धोक्याच्या पातळीवर जाते. नागपूरची थंडी घरातच सांभाळावी. पेटीच्या एका बाजूला ३१ ते ३३ अंश आणि दुसऱ्या बाजूला २५-२६ अंश असावे, आणि दोन्ही बाजूंना त्याला अंग घासून बसता येईल अशी अंधारी लपण्याची जागा असावी. थर्मोस्टॅट आजच घ्यावा. नियंत्रण नसलेल्या हीट मॅटने पोट भाजलेले साप माझ्याकडे येतात.

तिसरे, हातमोजा. बॉल पायथनच्या ओठांवर उष्णता ओळखणारे खळगे असतात आणि त्याच्या जोडीला जिभेचा वास. उंदराचा वास लागलेली उबदार वस्तू जवळ आली की त्याच्या दृष्टीने ते खाद्य असते. तो मान आखडतो तो रागाने की भुकेने, हे मला इथून सांगता येणार नाही, पण तो हातमोजा हाताळण्यासाठी पुन्हा वापरू नये. खाद्य लांब चिमट्याने द्यावे. हाताळण्यापूर्वी बिनवासाच्या साबणाने हात धुवावेत.

माजी_सर्पमित्र :
हातमोज्याबद्दलचे म्हणणे मला मान्य आहे. तरीही स्टिक पूर्ण टाकून देण्याच्या मी विरोधात आहे. खाद्याची वेळ आणि हाताळण्याची वेळ सापाला वेगळी कळावी यासाठी आधी स्टिकने हलकेच अंगाला स्पर्श करावा.

प्राणिवैद्य_विदर्भ :
तेवढ्यापुरते आपण अगदी बरोबर सांगत आहात. हलक्या स्पर्शाने "आता खाद्य नाही" हे त्याला कळते. मऊ कागदाच्या गुंडाळीनेही ते साधते. उचलायचे मात्र हातानेच.

कॉर्नस्नेकप्रेमी :
खाद्य वेगळ्या डब्यात दिले तर हा गोंधळच होणार नाही. पेटीत खाऊ घातल्याने साप पेटीत येणाऱ्या प्रत्येक हातावर झेपावतो.

धरमपेठची :
हा समज जुना आहे आणि माझ्या अनुभवात खरा ठरलेला नाही. डब्यात खाऊ घातल्यास भरल्या पोटी त्याला उचलून परत पेटीत ठेवावे लागते, म्हणजे जे टाळायचे तेच करावे लागते. शिवाय ही जात लाजरी आहे, जागा बदलली की अनेकदा खातच नाही.

मानेवाडाकर :
वैद्यसाहेब आणि धरमपेठची, दोघांचे मनापासून आभार. पेटी आतल्या खोलीत हलवली, थर्मोस्टॅट बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) मिळाला. एक विचारायचे राहिले. घरात साडेतीन वर्षांची मुलगी आहे आणि तिला त्याला हात लावायची फार हौस आहे. माझा हात बसल्यावर तिला धरायला दिले तर चालेल का?

प्राणिवैद्य_विदर्भ :
नाही. पाच वर्षांखालील मुलांनी सरपटणारे प्राणी हाताळू नयेत, कारण त्यांच्या अंगावर साल्मोनेलाचे जिवाणू असू शकतात आणि लहान मुलांना त्याचा संसर्ग गंभीर होतो. साप निरोगी दिसला तरी हे लागू आहे. आपणही प्रत्येक वेळी हात धुवावेत आणि पेटीतली भांडी स्वयंपाकघरात धुऊ नयेत.

मानेवाडाकर :
बुधवारी संध्याकाळी प्रयत्न केला. खोलीतला मोठा दिवा बंद ठेवून जमिनीवर बसलो, कागदाच्या गुंडाळीने स्पर्श केला, नंतर उघड्या हाताने बाजूने मध्यभागाला हात लावला. तो आवळला, माझाही हात थरथरला, पण मागे घेतला नाही. थोड्या वेळाने तो स्वतःच सैल झाला आणि मी दोन्ही हातांनी उचलला. फुत्कार नव्हता. मनगटाला विळखा घालून बसला, मग दुसऱ्या हातावर सरकला. पाच मिनिटे झाल्यावर परत ठेवला. आज मात्र त्याचे डोळे दुधाळ निळसर दिसत आहेत आणि रंग फिका पडला आहे. शनिवारी पुन्हा हातात घ्यायचा विचार होता. मी उचलल्यामुळे काही बिघडले असेल का?

प्राणिवैद्य_विदर्भ :
काहीही बिघडलेले नाही, तो कात टाकणार आहे. या काळात त्याला नीट दिसत नाही, म्हणून माणसाळलेला सापही बिचकतो. शनिवारचा विचार रद्द करावा. खाद्यही नाकारेल, आग्रह करू नये. हीट मॅटने पेटीतली हवा कोरडी होते, तेव्हा लपण्याच्या एका जागेत ओलसर शेवाळ किंवा ओला कपडा ठेवून आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर राहील असे पाहावे. डोळे पुन्हा स्वच्छ झाल्यावर काही दिवसांनी कात निघते. ती अखंड निघाली का आणि डोळ्यांवरचे दोन्ही पापुद्रे तिच्यात आले का, हे उजेडात धरून तपासावे. एखादा डोळ्यावर राहिला असेल तर नखाने काढू नये, माझ्याकडे किंवा जवळच्या पशुवैद्याकडे आणावा. कात पूर्ण निघाल्यावर एकदा खाद्य द्यावे, दोन दिवस जाऊ द्यावेत, आणि मग बुधवारी केले तसेच पुन्हा सुरू करावे.