दोन्ही इंजिनांना एकाच दिवशी एकाच माणसाचा हात नको: छोट्या विमानांनाही हा नियम सक्तीचा करावा का?

पान्याची_खूण (धागाकर्ता)

दोन इंजिनांचं छोटं विमान घेणाऱ्या बहुतेकांचा हिशेब सरळ असतो. एक बंद पडलं तर दुसरं आहेच. पण हा हिशेब एका अटीवर टिकतो: दोन्ही इंजिनं बंद पडण्याची कारणं वेगवेगळी हवीत. ही अट हँगरमध्ये आम्ही मेकॅनिक लोकच मोडतो, म्हणून हा धागा.

मी २२ वर्षं पिस्टन इंजिनांची देखभाल करतो आहे. काही वर्षांपूर्वी एका ट्विनचे, म्हणजे दोन इंजिनी विमानाचे, दोन्ही ऑइल फिल्टर मी एकाच दुपारी बदलले. नंतर इंजिनं चालवून पाहिली, तर डाव्या फिल्टरच्या कडेने तेल गळत होतं. जुन्या फिल्टरची रबरी गॅस्केट इंजिनालाच चिकटून राहिली होती आणि मी तिच्यावरच नवा फिल्टर आवळला होता. उजवीकडचा फिल्टर कोरडा दिसत होता. तरी खोलला, आणि तिथेही दोन गॅस्केट निघाल्या. आधीच्या वेळी ज्याने फिल्टर बसवले त्याने दोन्हीकडे गॅस्केटला ग्रीस लावलं नव्हतं, म्हणून दोन्ही चिकटल्या. मी दोन्हीकडे बैठकीवरून बोट फिरवून पाहिलं नाही, म्हणून दोन्ही राहिल्या. दोन माणसांच्या दोन चुका, आणि दोन्ही चुका दोन्ही इंजिनांवर. उजवा फिल्टर हवेत गेल्यावर गळू लागला असता. त्या रात्री मला झोप लागली नाही.

मोठ्या विमानांच्या जगाने हा धडा १९८३ सालीच घेतला. ५ मे रोजी ईस्टर्न एअरलाइन्सचं एल-१०११ हे तीन इंजिनांचं विमान मायामीहून नासाऊला निघालं होतं. तिन्ही इंजिनांचे चिप डिटेक्टर (तेलातले धातूचे कण पकडणारे भाग) बदलताना ओ-रिंग, म्हणजे गळती रोखणाऱ्या कड्या, बसवायच्या राहिल्या होत्या, त्यामुळे तिन्हींतलं तेल वाहून गेलं. आधी मधलं इंजिन वैमानिकांनी बंद केलं, मग उरलेली दोन विझली. विमान समुद्रावर सुमारे ४,००० फुटांपर्यंत खाली आल्यावर मधलं इंजिन कसंबसं पुन्हा सुरू झालं आणि विमानातले १७२ जण वाचले. आज ईटॉप्सखाली, म्हणजे विमानतळापासून लांबच्या मार्गांवर, उडणाऱ्या दोन इंजिनी प्रवासी विमानांना बंधन आहे: एकाच खेपेत एकाच तंत्रज्ञाने दोन्ही इंजिनांवर तेच काम करायचं नाही. केलंच, तर देखरेख आणि स्वतंत्र पडताळणी लागते.

छोट्या खासगी ट्विनला असं काही नाही. माझी मागणी एवढीच: तेल, इंधन, इग्निशन आणि प्रॉपेलर यांचं काम दोन्ही बाजूंना एकाच खेपेत एकाच हाताने होऊ नये. झालं तर दुसऱ्या पात्र माणसाची सही आणि प्रवाशांविना एक चाचणी उड्डाण, दोन्ही सक्तीचं. शिफारस नको, कायदा हवा.

मालक_चालक

तुमच्या प्रामाणिकपणाबद्दल आदर आहे. मागणीला मात्र माझा विरोध आहे, आणि तो खर्चासाठी नाही.

हँगरमधली प्रत्येक खेप हाच एक धोका असतो. दुसऱ्या महायुद्धात सी. एच. वॉडिंग्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटिश कोस्टल कमांडच्या लिबरेटर विमानांच्या नोंदी तपासल्या. दर ५० तासांची तपासणी झाली की बिघाड कमी व्हायला हवेत. झालं उलटंच: तपासणीनंतर लगेच बिघाड वाढत आणि मग हळूहळू उतरत. ठीक चाललेल्या वस्तू उघडल्यामुळेच त्या बिघडत होत्या. १९७८ मध्ये युनायटेड एअरलाइन्सच्या नोलन आणि हीप या अभियंत्यांनी मांडलेल्या आकडेवारीतही वयानुसार झिजून बिघडणारे भाग फक्त ११ टक्के निघाले. सर्वांत मोठा गट नव्याने बसवल्यावर लगेच बिघडणाऱ्या भागांचा होता.

तुमच्या नियमाने एका खेपेच्या दोन होतील. काउलिंग, म्हणजे इंजिनावरचं आवरण, दोनदा निघेल, विमान दोनदा ओढलं जाईल, हत्यारं दोनदा आत-बाहेर होतील. एक धोका कमी करताना दुसरा वाढेल.

पान्याची_खूण

वॉडिंग्टनचं निरीक्षण मला मान्य आहे. माझा नियम त्यावरच उभा आहे! हात लावल्यावर लगेच बिघाडाचा धोका वाढतो, हे तुम्हीच सांगता. मग दोन्ही इंजिनं एकाच दिवशी त्या धोक्यात का ढकलायची? डाव्याचं काम आज केलं, २० तास उडलं, काही निघालं नाही, मग उजव्याचं. बिघाड होईलही, पण एका वेळी एकाच बाजूला.

उजवी_सीट

मी ट्विनचं प्रशिक्षण देते. तुम्ही दोघंही एक गोष्ट गृहीत धरताय, की एका बाजूला बिघाड झाला तर वैमानिक सांभाळून घेईल. मला तिथेच शंका आहे.

एक इंजिन गेलं की निम्मी ताकद जाते, पण वर चढण्याची क्षमता ८० टक्के किंवा त्याहून जास्त घटते, कारण चढायला जी उरलेली ताकद लागते तीच जाते. अमेरिकेच्या जुन्या प्रमाणन नियमांत तर ६,००० पौंडांपर्यंतच्या आणि ६१ नॉट किंवा कमी वेगाला स्टॉल होणाऱ्या (पंखांची उचल सुटणाऱ्या) ट्विनला एका इंजिनावर चढता आलंच पाहिजे अशी अटच नव्हती. आज उडणाऱ्या कित्येक जुन्या ट्विन त्याच नियमांतल्या आहेत. गरम दिवस, भरलेलं विमान, उंचावरची धावपट्टी, अशा वेळी दुसरं इंजिन तुम्हाला फक्त थोडं सावकाश खाली आणतं. त्यातून वैमानिकाने नाक वर धरून ठेवलं आणि वेग लाल रेषेखाली, म्हणजे एका इंजिनावर विमान काबूत राहण्याच्या किमान वेगाखाली, गेला, तर रडर (शेपटीवरचं सुकाणू) पुरत नाही आणि विमान बंद इंजिनाच्या बाजूला उलटतं.

फेदर करायलाही, म्हणजे बंद प्रॉपेलरची पाती हवेला कमीत कमी अडतील अशी वळवायलाही, वेळ नसतो. बऱ्याच प्रॉपेलरमध्ये फेरे मिनिटाला साधारण ८०० च्या खाली गेले की लॉक पिना अडकतात, मग पाती फेदर होतच नाहीत.

सक्ती करायचीच तर दर सहा महिन्यांनी एका इंजिनावर उडण्याच्या सरावाची करा, खासगी वैमानिकांनासुद्धा. सिम्युलेटरवर चालेल. विमानात करायचा तर उंचीवर: लाल रेषेचं प्रात्यक्षिक जमिनीपासून ३,००० फुटांच्या वरच संपवायचं. हा सराव खालच्या उंचीवर करताना शिक्षक आणि विद्यार्थी दोघेही गेले आहेत, त्यामुळे मी हे सहज म्हणत नाही.

मालक_चालक

उजवी_सीट यांच्याशी सहमत. माझा कर्मचाऱ्यावर आणि नियमावर नाही तर सरावावर विश्वास आहे. गेल्या वर्षी मी स्वतःहून तीनदा सिम्युलेटरवर गेलो. पण मला कोणी भाग पाडलं असतं, तर मी सही मिळण्यापुरताच गेलो असतो.

उजवी_सीट

तुम्ही स्वतःहून गेलात कारण तुम्ही तसे आहात. माझ्याकडे येणाऱ्यांत दोन वर्षांत एकदाही फेदरच्या लिव्हरला हात न लावलेले लोक असतात. नियम त्यांच्यासाठी असतो, आणि मागच्या सीटवर बसणाऱ्या त्यांच्या घरच्यांसाठी. त्या माणसांना तर विचारलंही जात नाही.

तारेचा_माणूस

मी एव्हिऑनिक्सचं, म्हणजे विमानातल्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणांचं, काम करतो. तुम्ही सगळे पान्यावर आणि रडरवर अडकलात. दोन इंजिनांना जोडणारी तिसरी गोष्ट आहे वीज.

४ मार्च २००७, जर्मनीतलं श्पायर. डायमंड डीए-४२, दोन डिझेल इंजिनं, दोन्हींवर संगणकाचं नियंत्रण. विमानाची बॅटरी उतरली होती, म्हणून बाहेरून वीज जोडून इंजिनं सुरू केली. उड्डाणानंतर चाकं आत घ्यायला सुरुवात होताच व्होल्टेज कोसळलं, दोन्ही बाजूंचे संगणक रीसेट झाले, दोन्ही इंजिनं थांबली आणि दोन्ही प्रॉपेलर आपोआप फेदर झाले. विमान शेतात उतरलं, जीव वाचले.

दुसरं इंजिन बाहेरच्या विजेवर सुरू करू नका, असं उड्डाण पुस्तिकेत लिहिलेलं होतं. म्हणजे नियम होता. पण उतरलेली बॅटरी, घाई आणि पुस्तिकेतली एक ओळ यांत ओळ हरते. नंतर इंजिनांच्या संगणकांना स्वतंत्र बॅकअप बॅटऱ्या बसवणं सक्तीचं झालं. चुकलं तरी निभावून नेणारी सक्ती ती. मला माणसाच्या लक्षात राहण्यावर अवलंबून असलेल्या सक्तीपेक्षा अशी सक्ती जास्त पटते. पान्याची_खूण, तुमचा नियम पहिल्या जातीचा, म्हणजे लक्षात राहण्यावर अवलंबून असलेला, आहे. दुसरी सही लागेल म्हणता, ती सही न बघता होईल. मी पाहिली आहे तशी होताना.

पान्याची_खूण

हा आतापर्यंतचा सर्वांत जड मुद्दा. न बघता होणारी सही मीही पाहिली आहे.

पण चाचणी उड्डाण, किंवा निदान पूर्ण ताकदीवर दहा मिनिटं इंजिन चालवून काउलिंग उघडून बघणं, हे खोटं करणं कठीण असतं. माझी गळती सहीने पकडली नव्हती, इंजिन चालवल्याने पकडली. तेव्हा क्रम बदलतो: आधी पडताळणीचं काम, मग सही. एवढं तुमच्यामुळे सुधारलं.

चौकशी_वाचक

मला अपघातांचे अहवाल वाचायची सवय आहे, म्हणून एक भर घालते.

३१ मे २०००, दक्षिण ऑस्ट्रेलिया. व्हायला एअरलाइन्सचं पायपर चीफ्टन अॅडिलेडहून निघालं, संध्याकाळी स्पेन्सर आखातावर दोन्ही इंजिनं निकामी झाली आणि आठही जण गेले. डाव्या इंजिनाचा क्रँकशाफ्ट तुटलेला होता, उजव्याच्या एका पिस्टनला वितळून भोक पडलं होतं. आधी कोणतं गेलं आणि का, यावर तिथल्या वाहतूक सुरक्षा संस्थेचं आणि कॉरोनरचं, म्हणजे मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याचं, एकमत झालं नाही. संस्थेच्या मते आधी डावं गेलं आणि ताण आलेलं उजवं नंतर. कॉरोनरचा क्रम उलटा, आणि क्रँकशाफ्टच्या धातूतच दोष असल्याचा त्यांचा कल.

मेकॅनिकचा हात यात मध्यवर्ती नव्हता. म्हणून धागाकर्त्याला विचारते, तुमच्या नियमाने हे विमान वाचलं असतं का? मला नाही वाटत. आणि विमानात लाइफ जॅकेट नव्हती, कारण ती ठेवणं सक्तीचं नव्हतं. दुसरं इंजिन आहे या भरवशावर पाण्यावरून उडणाऱ्यांसाठी तो सर्वांत स्वस्त नियम ठरला असता. त्याबद्दल या धाग्यात अजून कोणी बोललेलं नाही.

पान्याची_खूण

नसतं वाचलं. माझा नियम सगळं झाकत नाही, आणि लाइफ जॅकेट माझ्या मनातच आली नाहीत हे खरं आहे. मेकॅनिकला विमान पाण्यात उतरण्याच्या आधीपर्यंतच दिसतं.

मालक_चालक

मग मी काय मान्य करतो तेही सांगतो. जिथे न उघडता बघता येतं आणि जिथे बिघाड शांतपणे मारतो, तिथे सक्ती हवीच.

टर्बोचार्ज्ड सेसना ट्विनचा एक्झॉस्ट घ्या. त्यातला वायू ८०० अंश सेल्सिअसच्या पुढे जातो आणि अॅल्युमिनियम ६६० ला वितळतं. सांध्याला चीर पडली की ती ज्वाला इंधनाच्या नळ्यांवर आणि पंखाच्या स्पारवर (पंख पेलणाऱ्या मुख्य तुळईवर) जाते. अमेरिकेच्या एफएएने, म्हणजे तिथल्या विमान वाहतूक नियामकाने, १९७५ सालचा आदेश अपुरा ठरल्यावर २००० मध्ये कडक केला, दर ५० तासांनी डोळ्यांनी तपासणी लावली. मालकांनी तेव्हा कुरकुर केली होती. मी आज करणार नाही.

चुकीच्या इंधनाचंही तसंच. २०१४ मध्ये लास क्रूसेस इथे रुग्ण नेणाऱ्या सेसना ४२१ मध्ये पेट्रोलऐवजी जेट इंधन भरलं गेलं आणि चौघं गेले. टाकीचं तोंड अरुंद आणि जेटच्या नळीचं तोंड रुंद, चपटं, असं दोन्हीकडे सक्तीने असलं तर हात चुकला तरी नळी आत जात नाही. तारेचा_माणूस म्हणतात ती दुसऱ्या जातीची सक्ती हीच.

पण ठरावीक तास भरले म्हणून धडधाकट इंजिन खोला, असं कोणी म्हटलं तर मी शेवटपर्यंत भांडेन. आणि तुमच्या नियमातली दुसरी खेप मला अजूनही पटलेली नाही.

उजवी_सीट

केबिन हीटर विसरू नका. बऱ्याच ट्विनमध्ये तो नाकात बसवलेला पेट्रोलवर जळणारा हीटर असतो. त्याची ज्वलननळी चिरली तर कार्बन मोनॉक्साइड केबिनमध्ये येतो, आणि मग वैमानिकाला कुठलं इंजिन गेलंय हेही कळणार नाही. काही मॉडेलना दर १०० हीटर-तासांनी किंवा २४ महिन्यांनी, जे आधी येईल तेव्हा, दाब टिकतो का याची चाचणी सक्तीची आहे. माझ्या एका विद्यार्थ्याच्या विमानात हीटरचा तासमापकच बंद होता. किती तास झाले, कोणाला माहीत नव्हतं.

मालक_चालक

हे वाचून आत्ता लॉगबुक काढलं. माझ्या हीटरची शेवटची चाचणी तीन वर्षांपूर्वीची आहे. थंडीत फारसा उडत नाही म्हणून डोक्यातून गेलं होतं. चाचणी होईपर्यंत हीटरची जोडणी काढून ठेवतो. पुढच्या आठवड्यात विमान हँगरला जाईल.

पान्याची_खूण

जोडणी काढली की तसा फलक लावा आणि लॉगबुकात नोंद करून घ्या, फक्त स्विच बंद ठेवू नका. आणि त्याच खेपेत तेल बदलणार असाल तर एकच विनंती: या वेळी फक्त डाव्या इंजिनाचं करा. उजव्याचं २० तासांनी. नियम येईल तेव्हा येईल.

मालक_चालक

डाव्याचं करतो. जुनी गॅस्केट निघाली का, ते स्वतः बोट फिरवून बघेन.