पहाटेचं स्वप्न खरं होतंच का?
पहाटेचं स्वप्न खरं होतंच असं बरेच जण म्हणतात, म्हणून सांगतो. डिचोलीच्या घरी एकदा आई काळोखातच उठून तुळशीपाशी गप्प बसलेली, स्वप्नात दात पडला म्हणून, आणि चौथ्या दिवशी मामा गेले. तेव्हापासून घरात सगळ्यांचा विश्वास पक्का. पण मामा तीन महिने अंथरुणाला खिळलेले, आईच्या डोक्यात दिवसरात्र तेच, मग स्वप्नात दुसरं काय येणार? आणि त्याआधी किती वेळा दात पडला नि काहीच झालं नाही, ते कोणी मोजलंच नाही.

मोजलं की काय दिसतं बघा, १९३२ मध्ये अमेरिकेत लिंडबर्ग या प्रसिद्ध वैमानिकाचं बाळ पळवलं तेव्हा मानसशास्त्रज्ञांनी पेपरातून लोकांची स्वप्नं मागवली, १३०० च्या वर आली, बाळ पुढे खरंच मेलेलं सापडलं, पण त्या स्वप्नांत ते मेलेलं दिसलं ते जेमतेम ५ टक्क्यांत. पहाटेचं म्हणाल तर रेम झोप, म्हणजे जिच्यात जास्त स्वप्नं पडतात ती, रात्रभर थोडी थोडी लांबत जाते आणि पहाटे सगळ्यात जास्त असते, त्यातूनच जाग आली की स्वप्न लख्ख आठवतं, एवढंच. कोणाला खरंच तपासायचं असेल तर उशाशी वही ठेवा आणि उठल्याउठल्या तारीख घालून लिहा, घटना घडल्यावर नाही.