ताईच्या निरोपाला कोणतं गाणं म्हणू? घरचे रडवायलाच बसलेत

धरमपेठचा_पोट्टा
ताई जॉबसाठी बंगलोरला शिफ्ट होऊन राहिली. रविवारी गच्चीवर घरचे नि तिच्या मैत्रिणी जमणार, तर्री पोहे वगैरे ठरलंय, आणि मला गिटारवर एक गाणं म्हणायचंय. आईनं 'जा मुली जा' सुचवलं अन् सुचवता सुचवताच डोळे पुसायला लागली. ते पाठवणीचं आहे नं बाप्पा, हिचं लग्न थोडीच आहे! मला गायक केकेचं 'पल' म्हणायचंय, तर काका म्हणतात ते अपशकुनी. काय करू?

तर्री_जास्त
अपशकुनी काऊन बे? १९९९ चा केकेचा पहिला अल्बम, शब्द मेहबूबचे, संगीत लेस्ली लुईसचं. आमच्या कॉलेजच्या सेंड-ऑफला हेच अन् 'यारों', पोट्टे गळ्यात गळे घालून बेसूर ओरडायचे. ३१ मे २०२२ ला कोलकात्यात प्रोग्राम करून केके गेला, तेव्हापासून लोकांना ते श्रद्धांजलीच वाटते. त्याआधी वीसेक वर्षं ते हॉस्टेल सोडणाऱ्या पोरांचंच होतं. म्हण बिनधास्त.

भैरवी_काकू
'पल' म्हणा हो, पण शेवटी दोन ओळी भैरवी रागाच्या घ्या, मैफल तशीच संपवतात. रे ग ध नि चारही सूर कोमल, म्हणजे जरा उतरलेले, त्यामुळे आपोआप गळा भरून येतो. आणि पाठवणीचं गाणं म्हणजे लग्नच असं नसतं. 'बाबुल मोरा' ही ठुमरी अवधचा नवाब वाजिद अली शाहची म्हणून ओळखली जाते, १८५६ मध्ये इंग्रजांनी अवध घेतलं नि त्याला लखनौ सोडावं लागलं. गाव सुटतंय राजाचं, नि शब्द सगळे सासरी जाणाऱ्या मुलीचे!

बर्डी_कॉर्नर
काकू एक नंबर. भाऊ, एकच सांगतो, संथ करू नको. आजकाल यूट्यूबवर जो तो गाणं अर्ध्या स्पीडवर नेऊन उसासे टाकतो, मग ते निरोपाचं न राहता तेराव्याचं वाटते. आहे त्या चालीत म्हण, वरची पट्टी झेपत नसेल तर सरळ खाली उतरव, अन् दुसऱ्या कडव्याला सगळ्यांना म्हणायला लाव. लोकं स्वतः गात असले की रडणं जरा लांबणीवर पडते. अन् ताईला विचारलं का?

धरमपेठचा_पोट्टा
आत्ता विचारलं. म्हणे काहीही म्हण, फक्त व्हिडिओ ग्रुपवर टाकू नको. मग 'पल'च, भैरवी जमली तर जमली. काकांना तोवर पोहे वाढायला बसवतो.