काउंटरपलीकडचं माणूस : तुमचे अनुभव लिहा

पहिलं एटीएम २७ जून १९६७ रोजी लंडनच्या एनफिल्ड भागात बार्कलेज बँकेच्या शाखेत सुरू झालं. पुढे तिकीट, बिल, चेक-इन, दवाखान्यातली नोंदणी अशी एकेक कामं यंत्रांकडे गेली. वेळ वाचतो, हे मान्यच. पण येता-जाता ज्यांच्याशी दोन शब्द बोलणं व्हायचं, ती माणसं दिसेनाशी झाली. मला जास्त काळजी एकट्या राहणाऱ्यांची वाटते. तुम्हाला ही उणीव कुठे जाणवली? उलट अनुभव असेल तर तोही जरूर लिहा.

*

बाबा पेन्शन काढायला बँकेत जायचे. स्लिपवरची त्यांची सही महिन्यागणिक बारीक होत चालली होती. शेवटची अक्षरं तर मुंगीएवढी. घरी आमच्यासमोर ते सही कशाला करतील? कॅशियर मॅडमच्या मात्र ते लक्षात आलं. "काका, डॉक्टरांना एकदा दाखवून घ्या," असं त्यांना सांगून त्यांनी मलाही फोन केला. पार्किन्सन्स निघाला. अक्षर लहान होत जाणं हे त्या आजाराचं सुरुवातीचं एक लक्षण असू शकतं, हे डॉक्टरांकडून कळलं. आता बाबा कार्ड वापरतात. पिन कितीही थरथरत्या हाताने दाबला, तरी मशीनपर्यंत आकडेच पोचतात. त्या बाईंचे उपकार मी विसरू शकत नाही.

*

मी सुपरमार्केटमध्ये सेल्फ-चेकआउटपाशी उभी असते. पूर्वी एक काउंटर होता, आता सहा मशिन्स. वजन जुळलं नाही की लाल दिवा लागतो आणि मी धावते. म्हणजे माझ्याकडे येणारं माणूस आधीच वैतागलेलं असतं. काउंटरवर होते तेव्हा कुणाचा गुडघा दुखतोय, कुणाची मुलगी बाळंत झाली, सगळं ठाऊक असायचं. पाय तेव्हाही दुखायचे, पण घरी जाताना मन भरलेलं असायचं.

*

मी बोलताना अडखळतो. तिकीट खिडकीवर स्टेशनचं नाव तोंडातून निघेपर्यंत मागची रांग कुरकुरायची. मशीन आलं आणि सुटलो. मशीन राहू द्या, सोबत एक खिडकीही राहू द्या.

*

मला दिसत नाही. सपाट टचस्क्रीनवर बोटाला काहीच लागत नाही, आवाजाची सोय नसेल तर अनोळखी माणसाला मदतीला बोलवावं लागतं.

*

नेदरलँड्समध्ये जम्बो या सुपरमार्केटने २०१९ मध्ये 'क्लेटस्कासा', म्हणजे गप्पांचा काउंटर सुरू केला. घाई नसलेल्यांनी तिथे उभं राहायचं, कॅशियर निवांत बोलणार. हे वाचून आम्ही आमच्या वाचनालयाला अर्ज दिला : पुस्तकं देण्याघेण्याचं मशीन असू द्या, पण संध्याकाळी दोन तास टेबलावर माणूस बसवा. मंजूर झाला! मशीन सफाईने वापरणारे कॉलेजचे विद्यार्थीही आता त्या टेबलाशी येतात, "यांचं दुसरं काय वाचू?" म्हणून विचारतात. अर्जाचा मसुदा कुणाला हवा असेल तर सांगा, देतो.