बलात्काराची एमएलसी (पोलीस केस) आली की हात थंड पडतात... बोलायचं कसं, कोणी सांगेल का?

बॉण्डवाला_एमओ

नमस्कार मंडळी. विदर्भात एका ग्रामीण रुग्णालयात मेडिकल ऑफिसर म्हणून बॉण्डवर (शिक्षणानंतरची सक्तीची सरकारी सेवा) आहे, आठ महिने झाले. साप चावलेला, फवारणीचं औषध प्यायलेला, ट्रॅक्टरखाली आलेला, सगळं बघतो आता, डिलिव्हरीपण करतो, कुठे अडत नाही. पण गेल्या महिन्यात रात्री साडेअकराला पोलीस एका बाईंना घेऊन आले, तिशीच्या असतील, आणि मला काय झालं कुणास ठाऊक, मी त्यांच्याकडे धड बघितलंसुद्धा नाही. कागदात मान घालून प्रश्न विचारत होतो. त्यात तोंडून निघून गेलं, "मग परवाच का नाही आलात?" आणि त्या ज्या गप्प झाल्या त्या गप्पच. लेडी डॉक्टर रजेवर होत्या, मी सरळ सिव्हिलला, म्हणजे जिल्हा रुग्णालयात, रेफर करून मोकळा झालो. ७० किलोमीटर, पोलिसांच्या गाडीत, रात्री.

तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये. फॉरेन्सिकमध्ये हे सगळं वाचलंय, परीक्षेत लिहून मार्कपण घेतलेत, पण समोर बाई बसलेली असताना तोंडाने काय बोलायचं हे कुणी शिकवलंच नाही. मला लेक्चर नकोय, वाक्यं सांगा. पहिल्या दोन मिनिटांत तुम्ही नक्की काय बोलता?

तालुका_गायनॅक

रेफर केलंस ते चुकलं, ते आधी सांगते, मग वाक्यं. दवाखाना सरकारी असो नाहीतर खाजगी, उपचार लगेच आणि फुकट द्यायचेच, आधी सीआरपीसीचं (जुनी फौजदारी प्रक्रिया संहिता) कलम ३५७सी होतं, जुलै २०२४ पासून बीएनएसएसचं (तिच्या जागी आलेली नवी संहिता) ३९७. न देणं हा गुन्हा आहे. लेडी डॉक्टरची अट पॉक्सोत (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराचा कायदा) आहे, १८ च्या आतल्या मुलीसाठी. सज्ञान बाईची तपासणी तू करू शकतोस, तिची संमती हवी आणि खोलीत दुसरी एक बाई हवी, बस. आरोग्य मंत्रालयाच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांतही हेच आहे, लेडी डॉक्टर असली तर बरंच, पण नाही म्हणून तपासणी अडवायची नाही. त्यात परवाची घटना म्हणजे तुझ्याकडे वेळ होता कुठे? एचआयव्हीची लागण होऊ नये म्हणून द्यायचं औषध, पीईपी, ७२ तासांच्या आत सुरू करायचं, तेही जितकं लवकर तितकं चांगलं, गर्भ राहू नये म्हणून गोळी द्यायची, आणि पुराव्यासाठी अंगावरचे नमुने, स्वॅब, ९६ तासांपर्यंतच घेण्यात अर्थ. त्यातले तास गाडीत गेले.

आता वाक्यं. मी आधी खुर्ची ओढून बसते, उभ्याने बोलत नाही. मग नाव सांगते आणि "तुम्ही आलात ते बरं केलंत. आधी कुठे दुखतंय ते सांगा." तुमच्याकडे असते तर म्हटलं असतं, "कुठं दुखून रायलं बाई?" दुखणं आधी, हकिगत नंतर, हा क्रम सोडू नकोस, कारण दुखणं सांगता सांगता त्या हकिगतीवर आपणच येतात. नंतर "मी काय करणार ते प्रत्येक वेळी आधी सांगेन, नको वाटलं तर थांबा म्हणा, मी थांबेन." आणि थांबा म्हणाली की खरंच थांबायचं, हं, "झालंच, दोन मिनिटं" असं नाही. पुस्तकी शब्द तोंडात नकोत, ती जो शब्द वापरेल तोच, आणि केसपेपरवरही तिचेच शब्द उतरवायचे.

"का" ने सुरू होणारा प्रश्न टाक काढून. किती वाजता, आंघोळ झाली का, कपडे बदलले का, ते कपडे कुठे आहेत, एवढं लागतं. का नाही आलात याने उपचारात काही फरक पडत नाही.

आणि ही वाक्यं मोठ्याने म्हणून बघ, रिकाम्या ओपीडीत. हसू नकोस, मी केलंय.

नाईट_ड्युटी_सिस्टर

सर राग मानू नका, पण तुम्ही सगळे डॉक्टर आत येता तेव्हा अर्धं काम बिघडलेलं असतं. बाई बाकड्यावर बसलेली, शेजारी कॉन्स्टेबल, पलीकडे डिलिव्हरीच्या पेशंटचे नातेवाईक टक लावून बघतायत आणि कुणीतरी व्हरांड्यातून ओरडतं, "ती रेपची केस कुठे बसवलीये?" हे मी स्वतः ऐकलंय. आमच्याकडे आता ठरलंय, अशी पेशंट आली की मावशी तिला नाव विचारून थेट ड्रेसिंग रूममध्ये नेते, पाणी देते, चादर देते. पोलीस दाराबाहेर, लेडी कॉन्स्टेबल असली तरी बाहेरच. संमती घ्यायची तीपण तपासणीला, उपचाराला, पुरावा घ्यायला अशी वेगवेगळी विचारायची, एकदाच अंगठा घेऊन मोकळं नाही व्हायचं. एका ताईंनी औषध सगळं घेतलं पण स्वॅबला नाही म्हणाल्या, तर तसं लिहिलं, त्यांची सही घेतली, औषध काही थांबवलं नाही.

कपड्यांचं सांगते कारण तिथे नेहमी घोळ होतो, ओले असतील तर सावलीत वाळवून कागदी पाकिटात. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधले की कुजतात. आणि कपडे ठेवून घेतले तर बाई घालणार काय? आमच्या कपाटात दोन गाऊन आणि एक साडी कायम असते, वर्गणी काढून आणलेली. हे कुठल्याही फॉर्ममध्ये नाही.

कॅज्युअल्टी_कट्टा

खरी भीती कोर्टाची असते, ते कुणी बोलत नाहीये. मी तीनदा पिंजऱ्यात उभा राहून आलोय. पहिल्या वेळी वकील म्हणाला, "डॉक्टर, अंगावर एकही जखम नाही ना?" आणि मी नुसतं नाही म्हणून गप्प बसलो, घाम फुटला होता. दुसऱ्या वेळी रिपोर्टमध्येच लिहून ठेवलं होतं की जखम नसली म्हणून अत्याचार झाला नाही असं म्हणता येत नाही, आणि का ते पण. भीतीने गप्प होती, उशिरा आली, मधे आंघोळ झाली. प्रश्न तिथेच संपला. बलात्कार झाला की नाही हे ठरवणं आपलं काम नाही, ते कोर्टाचं, आपण काय दिसलं ते लिहायचं. हे डोक्यात बसलं ना की अर्धा ताण जातो, कारण मग तिची उलटतपासणी घ्यायची गरजच उरत नाही.

अजून एक, तुमच्याकडे जुना छापील फॉर्म असेल तर बघून घ्या. टू फिंगर टेस्टचा (योनीत दोन बोटं घालून करायची तपासणी) रकाना दिसला तर तो फॉर्मच फेकून द्या. २०१३ लाच सुप्रीम कोर्टाने ती चूक ठरवली आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये सांगितलं की जो करेल तो गैरवर्तनाचा दोषी. रिपोर्ट ७ दिवसांत तपास अधिकाऱ्याकडे, हे पण आता कायद्यात आलंय.

बॉण्डवाला_एमओ

सगळ्यांचे आभार, सिस्टरांचे जास्त. आज कपाट उघडून बघितलं, पुरावा गोळा करायचे किट दोन आहेत, एकाची मुदत संपलीये. पीईपीचा डोस आमच्याकडे नाहीच, सिव्हिलमधून मागवायचं पत्र लिहिलं. आमच्या इन्चार्ज सिस्टरना गाऊनचं सांगितलं तर म्हणाल्या, माझ्याकडे आधीपासून आहेत, तुम्ही विचारलं कधी?

@तालुका_गायनॅक मॅडम, एक राहिलंच. त्या बाईंची चौकशी करावी का? सिव्हिलमध्ये पीईपी सुरू झालं असेल तर २८ दिवसांचा कोर्स आता संपत आला असेल. की मी परत समोर गेलो तर त्यांना त्रासच होईल?

तालुका_गायनॅक

तू नको जाऊस, आणि आशा ताईलाही पाठवू नकोस, गावात लगेच चर्चा होते. सिव्हिलच्या एआरटी सेंटरला (एचआयव्हीच्या औषधांचं केंद्र) फोन करून डोस चालू आहेत का एवढंच विचार, आणि सखी वन स्टॉप सेंटरच्या (अत्याचार झालेल्या बायकांसाठीचं सरकारी मदत केंद्र) समुपदेशक मॅडमशी बोल, त्यांनी आधीच संपर्क ठेवला असेल. त्या बाई स्वतःहून तुझ्या ओपीडीला आल्या तर खुर्ची दे.