'एटी-सिक्स'चे पहिले तीन भाग : गच्चीवरच्या खेळानंतर सोसायटीच्या ग्रुपवर झालेली चर्चा

सचिव, अ-१०२ : सर्व सभासदांना नमस्कार. काल रात्री मुलांनी गच्चीवर 'एटी-सिक्स' या जपानी अ‍ॅनिमे मालिकेचे पहिले तीन भाग दाखवले. दिवसभराच्या उन्हाने तापलेली फरशी रात्री नऊ वाजताही बसू देत नव्हती, तरीही मंडळी शेवटपर्यंत उठली नाहीत, याचे मला नवल वाटले. आज सकाळपासून मात्र मला निरनिराळे निरोप येत आहेत. काहींना पुढचे भाग हवे आहेत, तर काहींना मुलांसमोर असे काही दाखवणे पसंत नाही. प्रत्येकाने आपले मत मला एकट्याला न कळवता इथेच लिहावे. ज्यांनी मालिका आधीच संपवली आहे त्यांनी पुढचे कथानक कृपया फोडू नये.

ब-३०१ : नमस्कार काका. निवड माझी होती, म्हणून थोडी माहिती देतो. ही मालिका आसातो आसातो यांच्या, २०१७ पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या कादंबरीमालेवर आधारलेली आहे. ए-वन पिक्चर्स या स्टुडिओने ती तयार केली, दिग्दर्शन तोशिमासा इशी यांचे आहे आणि एप्रिल २०२१ पासून तिचे प्रसारण सुरू झाले. एकूण २३ भाग आहेत. माणूस आत बसून जे लढाऊ यंत्र चालवतो, त्याच्या कथांना 'मेका' म्हणतात आणि ही त्याच प्रकारातली आहे. नातवंडांसाठीचे कार्टून समजून जे वर आले होते, त्यांना मी आधीच कल्पना द्यायला हवी होती, एवढे मान्य.

क-२०३ : मी नातवाला सोबत म्हणूनच आले होते रे, आणि पहिली पाच-सात मिनिटे माझे लक्ष निम्मे तुमच्या पडद्याकडे आणि निम्मे डासांकडे होते. मग ती बातमीची जागा आली. सान माग्नोलिया नावाच्या त्या देशाच्या राजधानीत रस्ते स्वच्छ आहेत, झाडे आहेत, माणसे नटूनथटून फिरत आहेत आणि मोठ्या पडद्यावरची निवेदिका सांगते की आजच्या लढाईतही आपल्या बाजूचे कोणी दगावले नाही. कोणी थबकत नाही, कोणाला आनंदही होत नाही, इतकी ती बातमी त्यांच्या अंगवळणी पडलेली आहे. सरकार म्हणते की आपली यंत्रे मानवरहित आहेत. प्रत्यक्षात त्या यंत्रांत, देशाच्या भिंतीबाहेर हाकललेल्या आणि 'एटी-सिक्स' म्हटल्या जाणाऱ्या लोकांची पंधरा-सोळा वर्षांची पोरे बसलेली आहेत. ज्यांना माणूस म्हणून धरलेच नाही, त्यांचे मरण हिशेबात येणार कुठून? ते कळल्यावर डासांकडचे लक्ष संपले.

अ-४०१ : मी एस.टी.च्या कार्यशाळेत आयुष्य घालवले आहे, त्यामुळे माझा पहिला आक्षेप त्या यंत्रावर आहे. जगरनॉट हे नाव ऐकून काहीतरी अजस्र दिसेल असे वाटले होते. दिसले ते चार बारीक पायांवर धडपडत पळणारे, पत्र्यासारख्या चिलखताचे एक खोके. तोफ ५७ मिलिमीटरची, म्हणजे समोरच्या अवजड यंत्रांपुढे जवळजवळ निरुपयोगी. वळताना सगळे वजन पुढच्या पायांवर येते आणि चालवणाऱ्याच्या जिवासाठी काही म्हणजे काही सोय केलेली नाही. असले वाहन माझ्याकडे तपासणीला आले असते तर मी ते गेटबाहेर सोडले नसते. ज्याने हे रेखाटले त्याला यंत्रातले कळत नाही, असे माझे मत झाले.

ब-३०१ : काका, चालवणारी मुले स्वतःच त्याला अ‍ॅल्युमिनियमची शवपेटी म्हणतात. यंत्र वाईट आहे हे चित्रकाराला ठाऊक आहे, कारण कथेतल्या सरकारनेच ते वाईट बनवले आहे. याच प्रकारातल्या १९७९ च्या 'गंडाम'मध्ये किंवा १९९५ च्या 'इव्हँजेलियन'मध्ये नायकाच्या वाट्याला कोणालाही न मिळणारे, जबरदस्त यंत्र येते. इथे उलट आहे. आत बसणाऱ्याला कागदोपत्री 'प्रोसेसर' म्हणतात, म्हणजे तो यंत्राचाच एक सुटा भाग. सुट्या भागासाठी जाड चिलखत कोण बसवील?

अ-४०१ : हे पटले. म्हणजे बनवणाऱ्याला यंत्रातले कळते, आणि अंदाजपत्रकातलेही कळते.

क-४०२ : मला चित्रपद्धतीबद्दल लिहायचे आहे. पहिल्या भागात आपण भिंतीच्या आतून, त्या मुलांना दुरून हुकूम देणारी अधिकारी मेजर लेना हिच्या बाजूने सगळे पाहतो. दुसऱ्या भागात आघाडीवरच्या स्पिअरहेड तुकडीच्या बाजूने. लेना फक्त सोळा वर्षांची आहे आणि तिच्या खोलीत बसून, पॅरा-रेड या संपर्कयंत्रणेतून त्या मुलांशी बोलते. तिला केवळ आवाज ऐकू येतात. त्यामुळे तिच्या बाजूने पाहताना जो संवाद साधा, थोडासा हसरा वाटतो, तोच मुलांच्या बाजूने पाहिला की त्यांचे चेहरे, त्यांचा कंटाळा आणि एकमेकांना केलेल्या खुणा दिसतात. मी गेली काही वर्षे घरून काम करते आणि कॅमेरा बंद ठेवून चालणाऱ्या बैठकांची मला सवय आहे, म्हणून असेल, पण त्या जागा मला फार टोचल्या. हिरोयुकी सावानो आणि कोहता यामामोतो यांचे संगीतही नेमके आहे, फक्त आपल्या स्पीकरने त्याचे भजन केले.

सचिव, अ-१०२ : स्पीकर गणपतीच्या वेळचा आहे, त्याची तक्रार वेगळी नोंदवावी. मला स्वतःला आवडलेली जागा अगदीच किरकोळ आहे. तुकडीचा प्रमुख शिन गस्तीचा तोच जुना अहवाल पुन्हा पुन्हा वरती पाठवत असतो आणि लेना तो वाचून विचारते की हे सगळे अहवाल एकसारखे कसे. आजवर एकाही अधिकाऱ्याने ते वाचलेच नव्हते. आपल्या सोसायटीचे इतिवृत्त मी दरवर्षी मनापासून लिहितो, त्यामुळे शिनबद्दल मला तात्काळ आपुलकी वाटली.

ब-१०४ : विषय मजेचा नाही, तरी सचिवांना क्षमा. मी निवृत्त शिक्षिका म्हणून लिहिते. लेनाबद्दल इथे सगळे जरा मऊ बोलत आहेत, ते मला मान्य नाही. ती सहकाऱ्यांना सुनावते की एटी-सिक्ससुद्धा माणसे आहेत, रोज रात्री न चुकता त्या मुलांची विचारपूस करते आणि स्वतःविषयी तिचे मत चांगले आहे. पण तिसऱ्या भागात तुकडीतली काइए दलदलीत अडकून मरते, लेना हळहळ व्यक्त करते आणि तुकडीतलाच थिओ लेनावर तुटून पडतो, तेव्हा तो काय म्हणतो ते पुन्हा आठवा. इतके दिवस बोलते आहेस, आमची नावे तरी कधी विचारलीस का? तिला ठाऊक होती ती केवळ लढाईतली टोपणनावे. काइए तिच्यासाठी 'किर्शब्ल्यूट' होती. माझ्या मते ही मालिका दुष्ट माणसांची मुळीच नाही. लेनाचे दारू पिऊन कार्यालयात बसणारे सहकारी फार सोपे आहेत, त्यांचा राग यायला बुद्धी लागत नाही. अवघड आहे ती लेना, कारण ती आपल्यासारखी आहे.

क-४०२ : मॅडम, आदर राखून असहमत आहे. त्या सबंध देशात एकच मुलगी त्यांच्याशी माणसासारखी बोलते आणि आपण तिलाच पिंजऱ्यात उभे करायचे, हे मला अन्यायाचे वाटते. तिने काही केले नसते, तर तिला कोणी काही म्हटलेही नसते.

ब-१०४ : बरोबर आहे, नसते म्हटले. आणि थिओही म्हणाला नसता, कारण ती ऐकणारी आहे हे त्याला कळले होते. ज्याच्याकडून काही अपेक्षा नाही त्याच्यावर कोणी ओरडत नाही. तिने पुढे काय केले हे चौथ्या भागात दिसेल असे समजते. तोवर मी गुण राखून ठेवते.

ड-२०१ : मी या ग्रुपवर सहसा लिहीत नाही. काल मीही वर होतो आणि इंग्रजी उपशीर्षके वाचताना निम्मी सुटली, तरी भिंत आणि तिच्या पलीकडची माणसे पाहून जे आठवले ते लिहावेसे वाटते. पडद्यावरच्या त्या देशात रुपेरी केसांचे लोक पंच्याऐंशी जिल्ह्यांत भिंतीच्या आत राहतात, आणि बाकीच्या सगळ्यांना, जे कालपर्यंत त्यांचेच नागरिक आणि शेजारी होते, एका युद्धकालीन कायद्याने शहाऐंशीव्या जिल्ह्यात हाकलले जाते. तरुण मंडळींना हे भविष्यकाळातले काल्पनिक वाटले असेल. आपल्या सोलापुरात 'सेटलमेंट' म्हणून जो भाग आजही ओळखला जातो, त्या नावाचा अर्थ त्यांनी घरी कधी विचारला आहे का, मला माहीत नाही. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि त्यात सबंध जातीच्या जाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. पारधी, कैकाडी, भामटा आणि अशाच इतर जमातींच्या लोकांना इथे तारेच्या कुंपणात ठेवले होते. हजेरी द्यावी लागे, परवानगीशिवाय बाहेर जाता येत नसे. यातले बरेचजण इथल्या गिरण्यांत कामाला जात. माझे वडील गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम होते. ते सांगत की शेजारच्या मागावरचा माणूस सुटीच्या भोंग्यानंतर कधी रेंगाळत नसे, चहालाही थांबत नसे, कारण त्याला हजेरी गाठायची असे. आणि त्याच्या हाताला तोड नव्हती, हे ते त्याच वाक्यात सांगत. देश १९४७ साली स्वतंत्र झाला, पण हे कुंपण सुटायला १९५२ उजाडावे लागले. ३१ ऑगस्ट हा त्यांचा विमुक्त दिन. आणि कायदा रद्द झाला तरी त्याच्या पाठोपाठ सराईत गुन्हेगारांचा नवा कायदा आलाच, संशय काही सुटला नाही. काल तो पाच रंगांचा झेंडा, स्वातंत्र्य, समता, बंधुता, न्याय आणि थोरवी, असा पडद्यावर फडकत होता, तेव्हा माझ्या पुढच्या रांगेतली मुले हसली. मला त्यांचे हसणे आवडले. त्यांना विसंगती बरोबर कळली होती.

अ-३०३ : सर्वांना विनंती आहे की ग्रुपवर राजकारण आणि जातपात आणू नये. मनोरंजनाचा कार्यक्रम होता.

सचिव, अ-१०२ : आजोबांनी लिहिले तो आपल्या गावाचा इतिहास आहे आणि मालिकेच्या विषयाला धरून आहे, त्यामुळे तो संदेश राहील. आपल्याला मालिका कशी वाटली तेही कृपया लिहावे.

अ-३०३ : लढाईची दृश्ये चांगली होती. बोलणे फार होते.

ब-३०१ : आजोबा, माझे शालेय शिक्षण सगळे सोलापुरात झाले आणि यातले काहीही मला वर्गात कोणी सांगितले नव्हते. मला पाहताना अमेरिका आठवली होती. १९४२ मध्ये तिथल्या सरकारने जपानी वंशाच्या सुमारे १,२०,००० लोकांना, ज्यांतले बहुसंख्य अमेरिकेचेच नागरिक होते, घरेदारे सोडायला लावून छावण्यांत ठेवले. आणि त्याच समाजातल्या तरुणांची ४४२ वी रेजिमेंट युरोपात अमेरिकेसाठी लढत होती, त्यांतल्या काहींचे आईवडील तेव्हा काटेरी तारेच्या आत होते. लेखकाच्या मनात नेमके काय होते याबद्दल मी बोलत नाही. पण भिंतीबाहेरच्यांनाच भिंतीचे रक्षण करायला लावायचे आणि पाच वर्षे लढलात तर नागरिकत्व परत देऊ असे आमिष दाखवायचे, ही कथेतली व्यवस्था मला अतिशयोक्त वाटली नाही, ती यामुळे.

क-२०३ : पण मला एक सांगा, ती समोरची शत्रूची यंत्रे, लीजन की काय, त्यांच्यात खरोखरच कोणी नाही ना? का तिथेही कोणी बसलेले आहे? शिनला कसलेतरी आवाज ऐकू येतात असे सारखे सुचवत होते. आधीचे अधिकारी त्याच्या तुकडीचे काम सोडून पळाले, ते कशाला?

ब-३०१ : काकू, याचे उत्तर दिले तर सचिव मला ग्रुपमधून काढतील. शत्रूची यंत्रे स्वयंचलित आहेत, त्यांना बनवणारे साम्राज्य स्वतः संपले तरी ती लढत राहिली आहेत, इतकेच तीन भागांत सांगितले आहे. त्यांची जर्मन नावे लक्षात ठेवा. आमाइझे म्हणजे मुंगी, लोव्हे म्हणजे सिंह, पुढे अजून येतील.

ब-२०२ : माझ्या मुलीचे वय अकरा आहे. काइएच्या शेवटच्या ओरडण्यानंतर ती काल रात्री आमच्या खोलीत झोपायला आली. तिसऱ्या भागाचे नावच 'मला मरायचे नाही' असे आहे, हे आधी कोणी सांगितले असते तर मी तिला खाली पाठवले असते. मालिका चांगली आहे यात वाद नाही, आणि मी स्वतः पुढचे भाग पाहणार आहे. पण ती लहान मुलांसाठी नाही, हे स्पष्ट लिहिले जावे. आज सकाळी तिने एकच विचारले की त्या मुलीचे खरे नाव आता कोणी लिहून ठेवील का. शिन मेलेल्या प्रत्येकाच्या यंत्राचा पत्र्याचा तुकडा नावानिशी जपून ठेवतो, हे तिने बघितले होते, म्हणून मी हो म्हणू शकले.

ब-१०४ : ताई, मुलीला माझ्याकडे पाठवा. मोठ्यांपैकी निम्म्यांच्या नजरेतून तो तुकडा सुटला होता.

सचिव, अ-१०२ : सर्व मते वाचून पुढील व्यवस्था सुचवतो. चौथा, पाचवा आणि सहावा भाग येत्या शनिवारी साडेआठ वाजता दाखवण्यात येतील. तेरा वर्षांखालील मुलांनी आईवडिलांसोबतच यावे, आणि त्यांना आणायचे की नाही हे आईवडिलांनी ठरवावे. ज्येष्ठांसाठी उपशीर्षकांची अक्षरे मोठी करण्याची जबाबदारी ब-३०१ यांच्याकडे, आणि जिथे आजोबांचे सुटेल तिथे शेजारच्याने हळू आवाजात मराठीत सांगावे. फरशीवर संध्याकाळी सात वाजता पाणी मारले जाईल. दुसरा स्पीकर कोणाकडे असल्यास कळवावे.

क-४०२ : स्पीकर माझा आणते.

ड-२०१ : मी येईन. खुर्ची पुढे ठेवावी.

अ-४०१ : माझी एक मागणी आहे. त्या जगरनॉटच्या मागच्या पायांचा सांधा जवळून दिसला की तिथे थांबवावे. वजन नक्की कुठे पेलले आहे ते मला अजून समजलेले नाही.