भूकंपाचा 'वर्धापनदिन' म्हणायचं का?

अनुवादिका
किल्लारीच्या भूकंपावरच्या एका जुन्या इंग्रजी लेखाचा अनुवाद करतेय. त्यात 'अॅनिव्हर्सरी' हा शब्द पानोपानी येतो. संपादकांनी सगळीकडे 'वर्धापनदिन' घातलंय. '३० सप्टेंबर १९९३च्या भूकंपाचा तिसावा वर्धापनदिन' वाचून अंगावर काटा आला. ते म्हणतात, कोशात तोच प्रतिशब्द आहे. मग काय लिहू? स्मृतिदिन? वर्षपूर्ती?

मुठाकाठ
बदलाच तो शब्द. वर्धापनात वाढणं आहे. संस्कृतात वर्धापन म्हणजे वाढदिवसाचा विधी. पतपेढीचा, वाचनालयाचा वर्धापनदिन असतो, कारण ती वाढावीत असं आपल्याला वाटतं. 'वर्षपूर्ती'लाही काम तडीस नेल्याचा वास येतो. आम्ही पुण्यात १२ जुलैला 'पानशेतला इतकी वर्षं झाली' एवढंच म्हणतो. १९६१ सालचा तो पूर पाहिलेली माणसं तर 'पूर' शब्दही गाळतात, नुसतं 'पानशेत'. नाम हवंच कशाला?

अनुवादिका
मजकुरात चालेल. मथळ्याला नाम लागतं हो.

माळवद
मी किल्लारीजवळच्या गावचा, तेव्हा नववीत होतो. रात्री गणपती बुडवून आलो आणि मेल्यासारखे झोपलो. पहाटे चारला काही मिनिटं कमी होती. आमच्याकडं दगडमातीच्या रुंद भिंती, वर माळवद. उन्हाळ्यात गार राहणारं तेच घर अंगावर आलं. आज्जी वाचली, पण तिनं कधी 'तीस सप्टेंबर' म्हटलं नाही. 'चौदसीची रात' म्हणायची. २०१२ला विसर्जन परत २९ सप्टेंबरलाच आलं, तर रात्रभर अंगणात बसून राहिली, कुणाला घरात निजू दिलं नाही. सरकारी श्रद्धांजली तारखेला असते, आमच्या घरात दिवा तिथीला लागतो. तुमच्या 'स्मृतिदिना'तला दिन यातला कोणता?

पंचांगप्रेमी
दर १९ वर्षांनी तिथी आणि तारीख जवळपास जुळतात, म्हणून २०१२. हा घोळ फार जुना आहे. शिवजयंती १९ फेब्रुवारीलाही होते आणि फाल्गुन वद्य तृतीयेलाही. राज्याभिषेक ६ जूनला आणि ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीलाही. खरा घात झालाय तो 'पुण्यतिथी'चा. टिळकांची पुण्यतिथी १ ऑगस्टला करतो, ती तिथी कुठे आहे? तारखेने करायची तर 'पुण्यतारीख' म्हणा.

शब्दनिष्ठ
पुण्य संस्कृत आणि तारीख अरबी, ही मोट मला सहन होत नाही. सावरकरांनी 'दिनांक' दिलाय, तो वापरा.

मुठाकाठ
दिनांक अर्जावर राहिला. 'आज दिनांक काय?' असं घरात कोण विचारतं? कोर्टात तारीखच पडते. अरबीत तारीख म्हणजे इतिहाससुद्धा, तेव्हा या चर्चेत तिला हाकलणं मला तरी अन्याय वाटतो.

शब्दनिष्ठ
'हुतात्मा'ही त्यांचाच. तो कसा रुजला मग?

मुठाकाठ
लोकांना त्याची निकड लागली म्हणून. २१ नोव्हेंबर १९५५ला फ्लोरा फाउंटनपाशी गोळीबार झाला. त्या मेलेल्यांना नुसतं 'मृत' म्हणणं कुणालाच जमलं नसतं. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याने तो शब्द घरोघरी नेला.

पंचांगप्रेमी
६ डिसेंबरचंही तसंच. बाबासाहेबांच्या बाबतीत बहुतेक जण पुण्यतिथी म्हणत नाहीत, महापरिनिर्वाण दिन म्हणतात. ज्यांचं माणूस गेलं त्यांनी शब्द निवडला. मात्र तिथीला तिथी म्हणावं, हा माझा आग्रह कायम आहे.

शब्दनिष्ठ
आणि तारखेला दिनांक.

अनुवादिका
माझा मथळा उद्या द्यायचाय. 'किल्लारी: तीस वर्षं' असं करू का? संपादक म्हणतील, अनुवाद अपुरा आहे.

पंचांगप्रेमी
'तीस वर्षं' सौर की चांद्र, ते ठरवा. अधिक महिने धरले तर...

माळवद
१९ वर्षांचा हिशेब खरा असेल तर पुढची जुळणी २०३१ना? आज्जी आता नाही. पण घरी सांगून ठेवतो.